माडीवरचे मिग

उन्हे तापू लागली की वडिवळ्याच्या धरणावर घारी वर चढतात. पंख न हलवता चढतात, हे विशेष. तापलेली हवा वर उठते, तिच्यावर बसायचे, एवढेच. कामशेतचे पॅराग्लायडिंगवालेही याच हवेच्या जिवावर उडतात. आमचा पुतण्या मात्र रात्री जेवणाआधी उडतो, आणि तोही माडीवर खुर्चीत बसून. संगणकावर तो मिग-२१ चालवतो आणि कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी माणसांशी हवाई लढाया करतो.

पोरखेळ म्हणून सोडून दिले असते. पण या मुलाला खरेच वैमानिक व्हायचे होते. हवाई दलाची वैमानिकांसाठीची कल-चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. तीत नापास झालेल्याला हवाई दलात इतर कामे मिळू शकतात, कॉकपिट नाही. हा नापास होऊन परतला आणि माडीवर हे सुरू झाले. वहिनींना ते जखमेवर मीठ चोळल्यासारखे वाटे. मी एकदा शेजारी स्टूल घेऊन बसलो, आणि मग बसतच गेलो.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की हा गोळ्या फारच कमी झाडतो. सगळा वेळ जमाखर्चात जातो. "काका, उंची म्हणजे बँकेतली शिल्लक आणि वेग म्हणजे खिशातली रोकड," तो म्हणाला. खाली सूर मारला की शिल्लक मोडून रोकड हाती येते. नाक वर धरले की रोकड पुन्हा खात्यात. प्रत्येक तीव्र वळण मात्र निव्वळ खर्च. मिग-२१चा त्रिकोणी पंख वेगाने उंच जाण्यासाठी बनलेला. करकचून वळवले की हवेचा अडथळा एकदम वाढतो आणि वेग बघता बघता गळून जातो. समोर जुने सेबर असेल तर ते कमी वेगातही सुखाने वळते. नवखा खेळाडू शत्रू दिसताच दांडी पोटाशी ओढतो, दोन-तीन गिरक्या घेतो आणि कंगाल होऊन मरतो. पुतण्या वरून येतो, नेम बसला तर झाडतो, नाही तर त्याच वेगात सरळ निघून पुन्हा वर. मोह आवरणे हे यातले अर्धे कौशल्य. उरलेले अर्धे मानेत. टोपीला त्याने तीन छोटे दिवे लावले आहेत. समोरचा कॅमेरा ते पाहतो आणि मान वळेल तसे पडद्यावरचे दृश्य वळते. शत्रू नजरेआड झाला की संपलेच!

हे शहाणपण जुने आहे. दुसऱ्या महायुद्धात वळण्याच्या बाबतीत जपानी झिरो विमानाचा हात धरणारे अमेरिकेकडे काही नव्हते. जॉन थॅच या नौदलाच्या वैमानिकाने घरच्या टेबलावर काडेपेटीच्या काड्या मांडून त्यावर तोड काढली. दोघांनी एकमेकांना छेदत उडायचे, म्हणजे एकाच्या पाठीशी लागलेला शत्रू दुसऱ्याच्या तोफेसमोर येतो. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत ती युक्ती कामी आली.

खुर्चीत बसून काय कळणार, असे कोणी म्हणेल. पुतण्याला ते माझ्याहून अधिक ठाऊक आहे. खऱ्या विमानात करकचून वळताना शरीराचे वजन सातपट होते, डोळ्यांपुढे अंधारी येते. इथे पडदा काळा होतो, एवढेच. आणि इथे मेलेला पुन्हा उठतो. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगडला हवाई दलाने मिग-२१ला निरोप दिला, तेव्हा आम्ही सगळे दूरचित्रवाणीसमोर होतो. या विमानाच्या अपघातांत गेलेली तरुण मुले आठवून वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. पुतण्या गप्प होता.

त्या रात्री वहिनी पहिल्यांदा माडीवर आल्या. तो उतरत होता. वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे, समोर धावपट्टी फुटपट्टीएवढी. "अरे, हळू!" त्या ओरडल्या. चाके टेकली, शेपटीतून छत्री उघडली, विमान थांबले. वहिनी काही न बोलता खाली गेल्या. हल्ली पाने घेताना त्या जिन्याखालून विचारतात, "उतरलास का रे?" आणि तो उतरल्याशिवाय भात वाढत नाहीत.