दहा आण्यांचे डास

‘मलेरिया’ हा शब्द वर्गात समजावून सांगताना मला नेहमी गंमत वाटते. मूळ इटालियन अर्थ ‘वाईट हवा’. म्हणजे नावातच चुकीचे निदान! आपला ‘हिवताप’ बिचारा सरळ. रोग्याला काय होते एवढेच तो सांगतो.

हवेवरचा हा आळ दूर केला तो लष्करी डॉक्टरांनी. १८८० साली अल्जीरियात फ्रेंच लष्करातल्या लाव्हराँला रोग्याच्या रक्तात हिवतापाचे जंतू दिसले. ते तेथे शिरतात कसे, हे कोडे आपल्याकडे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या रोनाल्ड रॉसने हाती घेतले. डास मेलेले पाणी पोटात जाऊन ताप येत असावा, अशी आधी समजूत होती. तसे पाणी त्याने माणसांना पाजलेही! वाचताना अंगावर काटा येतो.

ऑगस्ट १८९७, सिकंदराबाद. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याने स्वतःला डास चावून घेतले. डासामागे एक आणा; दहा डास, दहा आणे. रॉस ते डास एकेक करून चिरून पाहू लागला. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले, आणि पंखा ओढायला सांगावा तर वाऱ्याने डास उडून जायचे! २० तारखेला उरल्यासुरल्या डासांपैकी एकाच्या पोटाच्या भिंतीत त्याला काळे कण असलेल्या गोल पेशी सापडल्या. तसलेच कण रोग्याच्या रक्तातल्या जंतूंत असत.

आता असा डास निरोगी माणसाला चावून ताप येतो का, एवढेच पाहायचे होते. इथेच घोडे अडले. १८९८ मध्ये रॉस कलकत्त्याला आला, पण पैसे देऊ करूनही माणसे मिळेनात. प्लेगचे दिवस. सरकारी डॉक्टर दिसला की टोचणीच्या धास्तीने लोक पळत. सोजिरांच्या झडत्या काय असतात, हे पुण्याच्या वाचकाला सांगायला नको; हुसेन खानने हात पुढे केला त्याच्या दोनच महिने आधी, २२ जूनला, रँडवर गोळी झाडली गेली होती. त्या दिवसांत मी तरी रॉसपुढे हात केला असता का?

मग रॉस पाखरांकडे वळला. पाखरांनाही त्यांचा हिवताप असतो. जुलैत त्याला डासाच्या लाळेच्या ग्रंथींत जंतू दिसले, आणि तसले डास चावलेल्या निरोगी चिमण्या आजारी पडल्या. माणसाविषयीचा पुरावा त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दिला. १९०२ चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या रॉसला मिळाले. शोध पहिला कोणाचा, हे ग्रासीशी जुंपलेले भांडण त्याने पुढे वर्षानुवर्षे चालवले.