कारेसुआंडोचे पाद्री

स्वीडनच्या अगदी उत्तर टोकाला नदीकाठी कारेसुआंडो नावाचं गाव आहे. हिवाळ्यात तिथे काही आठवडे सूर्य उगवतच नाही. 1826 साली लार्स लेव्ही लेस्टाडियस पाद्री म्हणून तिथे आले, तेव्हा नदीचा पलीकडचा काठ रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. वस्ती विरळ होती. थोडे फिनिश बोलणारे शेतकरी आणि बाकी सामी, म्हणजे रेनडिअरचे कळप पाळणारे लोक. सामी उन्हाळ्यात कळप घेऊन नॉर्वेच्या किनाऱ्याकडे उतरत आणि थंडी पडली की परत येत. त्यामुळे चर्च भरायचं ते हिवाळ्यातच. तेव्हाच व्यापारीही दारू घेऊन येत आणि रेनडिअरची कातडी, मांस घेऊन जात. या व्यवहारात कित्येक कुटुंबं पार धुळीला मिळाली.

दारूने घर कसं बसतं, हे लेस्टाडियस यांनी लहानपणीच पाहिलं होतं. 10 जानेवारी 1800 रोजी येकविक इथे त्यांचा जन्म झाला. वडील व्यसनी, घरात सदाची ओढाताण. क्विकयोक गावी पाद्री असलेल्या थोरल्या सावत्र भावाने लार्स लेव्ही आणि धाकट्या पेट्रसला आपल्याकडे नेलं, शिकवलं, म्हणून हा मुलगा उप्साला विद्यापीठापर्यंत पोहोचला.

विद्यापीठात धर्मशास्त्राइतकंच, किंबहुना काकणभर जास्त, त्यांचं मन वनस्पतिशास्त्रात रमलं. उत्तरेकडच्या डोंगरउतारांवरची बोटभर उंचीची झुडपं, शेवाळाच्या आडोशाला तग धरणारी फुलं ते गोळा करत, वाळवत, त्यांची वर्णनं लिहीत. तिथल्या एका रानटी खसखशीच्या शास्त्रीय नावात आजही त्यांचं नाव आहे. 1838 साली फ्रेंच सरकारची शास्त्रीय मोहीम उत्तरेत आली, तेव्हा वाटाड्या आणि जाणकार म्हणून त्यांनाच सोबत घेतलं गेलं. त्याबद्दल फ्रान्सने त्यांना ‘लीजन ऑफ ऑनर’ हा किताब दिला. सामींच्या जुन्या दैवतकथांवर त्यांनी याच मोहिमेसाठी लिहिलेलं पुस्तक मात्र संपूर्ण स्वरूपात छापून यायला 1997 साल उजाडलं.

इथवरचं आयुष्य एका विद्वान, पण मनातून कोरड्या राहिलेल्या धर्मगुरूचं होतं. पुढे लहानग्या मुलाचा मृत्यू झाला, स्वतःच्या जिवावरचं दुखणं आलं. 1844च्या आरंभी चर्चच्या तपासणीसाठी ते ओसेले गावी गेले असताना मिला क्लेमेंट्सडॉटर ही गरीब सामी तरुणी त्यांना भेटली. श्रद्धेच्या वाटेवर आपण काय सोसलं, ते तिने साध्या शब्दांत सांगितलं. त्या भेटीने आपल्याला खरा धर्म कळला, असं ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. उप्सालाला शिकलेल्या माणसाने एका गरीब मुलीला आपली गुरू मानावं, ही त्यांच्या चरित्रातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट आहे.

त्यानंतर त्यांची प्रवचनं बदलली. ती फिनिश आणि सामी भाषेत असत आणि तीही बाजारात, गोठ्यात बोलतात तशी. दारू विकणारा, पिणारा, लबाडी करणारा, सगळ्यांना ते तोंडावर सुनावत. ऐकणारे रडत, ओरडत, जागच्या जागी उड्या मारत. कारेसुआंडोत दारूचा धंदा बसला. 1849मध्ये त्यांची बदली पायाला गावी झाली. तिथल्या प्रतिष्ठितांना हा गोंगाट सोसवेना. तक्रारी वाढल्या आणि 1853मध्ये बिशपने त्यांचे अनुयायी आणि विरोधक अशा दोन्ही गटांसाठी वेगवेगळ्या उपासना ठरवून दिल्या.

पण या प्रवचनांतून उभी राहिलेली धार्मिक जागृतीची चळवळ टिकली ती शाळांमुळे. 1848पासून युहानी राट्टामासारखे साधे, गावातलेच लोक शिक्षक म्हणून वस्त्यांवर जाऊ लागले. मोठ्यांना आणि पोरांना एकत्र बसवून ते वाचायला शिकवत. घरगुती धर्मसभांवर 1726च्या कायद्याने बंदी होती आणि दीक्षा न घेतलेल्याला प्रवचन करता येत नसे. म्हणून हे शिक्षक लेस्टाडियस यांची लिहिलेली प्रवचनं वाचून दाखवत. हातांनी उतरवून घेतलेल्या प्रती वस्तीवस्तीत फिरत.

या इतिहासाला एक रक्तरंजित पानही आहे आणि ते झाकू नये. नोव्हेंबर 1852मध्ये नॉर्वेतल्या काउटोकेइनो गावी या जागृतीने पेटलेल्या काही सामींनी दारू विकणारा व्यापारी आणि सरकारी अंमलदार यांना ठार मारलं, तिथल्या पाद्र्याला फटके दिले. 1854 साली दोघा सामींचा शिरच्छेद झाला. बोट लेस्टाडियस यांच्याकडेही दाखवलं गेलं. त्यांनी आपल्या नियतकालिकातून आरोप नाकारला. कट त्यांचा नव्हता, हे खरं. पण त्यांच्या शब्दांना जी धार होती, ती सगळ्यांच्या हाती सारखी सुरक्षित नव्हती, असं मला वाटतं.

अखेरच्या वर्षांत त्यांनी मानवी मनावर एक मोठा ग्रंथ लिहिला. माणूस बुद्धीने नव्हे, वासना-भावनांनी चालतो, हे त्यात शरीरशास्त्राचे दाखले देत मांडलं आहे. तो ग्रंथ त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. 21 फेब्रुवारी 1861 रोजी ते वारले. त्यांचे अनुयायी आज फिनलंड, स्वीडन, नॉर्वे आणि अमेरिकेत आहेत, अनेक शाखांत विभागलेले. त्यातल्या काही शाखांच्या सभेत त्यांचं प्रवचन अजूनही मोठ्याने वाचलं जातं.