वारी चालते कशी, आणि आपला निधी लागतो कुठे

वारी म्हटलं की दिवे घाटातला तो फोटो आठवतो : वळणावळणाचा रस्ता आणि त्यावर न संपणारी माणसांची रांग. यंदा मंडळाचा निधी वारीतल्या वैद्यकीय मदतीला जाणार आहे, तेव्हा हा एवढा मोठा कारभार चालतो कसा, ते देणाऱ्यांना ठाऊक असावं असं आम्हांला वाटतं.

पालखीची प्रथा १६८५ साली तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी सुरू केली. माउलींच्या सोहळ्याला आजचं रूप दिलं ते एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी. हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. तंबू, घोडे, ठरलेले मुक्काम यांतून ती लष्करी शिस्त अजून दिसते. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान, आषाढ शुद्ध दशमीला पंढरपूर. अंतर सुमारे २५० किलोमीटर.

या सगळ्याचं एकक म्हणजे दिंडी. प्रत्येक दिंडीला क्रमांक, आणि तिची जागा रथाच्या पुढे की मागे हे ठरलेलं. विणेकरी, टाळकरी, पखवाजवाला, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. सामानाचा ट्रक पुढच्या मुक्कामी आधीच पोचतो. जेवणाखाण्यासाठी वारकरी आपापल्या दिंडीत भिशी भरतात. पेरणी उरकून आलेला शेतकरीही ती भरतो, फुकट जेवायला म्हणून येत नाही. शिवाय वाटेवरची गावं पिठलं-भाकरी घेऊन उभी असतातच.

आम्हां संगणकवाल्यांना सगळ्यात आवडते ती संध्याकाळची समाज आरती. तळावर दिंड्या पालखीभोवती जमतात, टाळांचा नुसता गजर चालू असतो. चोपदार दंड उंचावतो आणि क्षणात सगळं शांत. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते! चोपदार तिथे जातो, तक्रार ऐकली जाते. मग हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारतात, उद्या निघायची वेळ सांगतात, आणि त्यानंतर आरती. आमच्या ऑफिसातल्या मीटिंगांपेक्षा ही पद्धत केव्हाही बरी.

म्हणजे जेवणाची आणि मुक्कामाची घडी बसलेली आहे. म्हणूनच अन्नदानासाठी पैसे देऊ पाहणाऱ्यांना आमचं सांगणं, की तिथे आपली गरज कमी आहे. उणीव आहे ती पायांची. पुणे ते सासवड हा टप्पा ३० किलोमीटरच्या आसपास, त्यात दिवे घाटाची चढण, आणि बहुधा त्याच दिवशी एकादशीचा उपास. साठी-सत्तरीची माणसं ओल्या चपलांत चालतात. फोड फुटतात, चिघळतात, आणि मधुमेह असला तर साधी जखमही महागात पडते. दूषित पाण्याने जुलाब होतात. बायकांचे हाल वेगळेच : आडोसा नाही म्हणून कित्येकजणी दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि मग उन्हात चक्कर येते. गेल्या काही वर्षांत फिरती स्वच्छतागृहं आली आहेत, फरकही पडलाय, पण गर्दीच्या मानाने ती अपुरीच.

तेव्हा आपला निधी मलमपट्टी, जलसंजीवनी, रक्तातली साखर तपासायच्या पट्ट्या आणि फिरत्या दवाखान्याचं डिझेल यांवर खर्च होईल. इथून औषधं पाठवू नका. तिथे ती स्वस्त मिळतात. आणि मंडळातल्या ज्या डॉक्टरांची भारतातली नोंदणी अजून चालू आहे, त्यांनी आषाढात सुट्टी जमत असेल तर कार्यकारिणीला जरूर कळवावं.