जुनी .315 रायफल घेताना : आधी कागद, मग नळी

शस्त्र कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली आणि एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येऊ लागल्या. वारसाने आलेली बंदूकही याच हिशेबात धरली जाते. तेव्हा जादा झालेले शस्त्र विकणे किंवा जमा करणे भाग पडले. मलकापूर-कराड भागात असा जुना माल कोणी दाखवला, तर तो बहुधा इशापूरच्या सरकारी कारखान्यातील .315 बोअरची बोल्ट रायफल असतो. घडण ली-एनफिल्डची. .303 हे फौजेचे काडतूस सामान्यांना बंद, म्हणून ऑस्ट्रियाच्या जुन्या 8 मि.मी. काडतुसाचा आधार घेतला गेला.

तिला ‘शिकारी रायफल’ म्हणतात, पण त्या नावावर जाऊ नये. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर हौसेची शिकार बंद आहे. उसात घुसणाऱ्या रानडुकरालाही वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही.

आधी आपला परवाना पाहावा. साध्या नळीच्या बंदुकीच्या परवान्यावर रायफल घेता येत नाही. मालक खासगी असेल तर त्याने जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला विक्रीचा इरादा आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता लेखी कळवावा लागतो, आणि त्यानंतर किमान 45 दिवस थांबावे लागते. आज बयाणा, उद्या माल, हा पेठेतला रिवाज येथे चालत नाही. रायफलीवरचा क्रमांक परवान्याशी ताडून पाहावा. बोल्टवर क्रमांक असेल आणि तो वेगळा निघाला, तर बोल्ट बदललेला आहे असे समजावे. मग काडतूस घरात नीट बसते की नाही हे परवानाधारक विक्रेत्याकडून गेज लावून तपासून घेतल्याशिवाय गोळी झाडू नये.

आता माल. दस्त्याचे पॉलिश पाहून भाव ठरवणारे पुष्कळ आहेत, पण रायफलीची किंमत नळीच्या तोंडाशी असते. प्रथम बोल्ट उघडून, मॅगझिन काढून रायफल रिकामी असल्याची खात्री करावी. मग बोल्ट काढून घेऊन उजेडाकडे धरून नळीतून पाहावे. आतले पिळाचे चर धारदार आणि चकचकीत दिसले पाहिजेत. काळे खड्डे दिसले तर गंज आत शिरला आहे. नळीच्या तोंडाची कड सर्व बाजूंनी सारखी हवी. ही रायफल मागच्या बाजूने साफ करता येते. तरीही आळशी मालक तोंडाकडून गज घालतो, कड एका बाजूने झिजते आणि गोळी बाहेर पडतानाच कलते. बाहेरून नवी दिसणारी रायफल अशी आतून गेलेली असू शकते.

शेवटी कागदावरचे निशाण. ज्याच्याकडे परवाना नाही त्याने हात लावू नये. मालकाने किंवा विक्रेत्याने मान्यताप्राप्त रेंजवर, वाळूच्या पिशवीवर टेकवून, एकाच पेटीतील पाच काडतुसे 50 मीटरवर झाडावीत. नळी तापू नये म्हणून मध्ये थांबावे. तीन गोळ्यांवर भुलू नये, तीन योगायोगानेही जवळ पडतात. सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या मध्यांमधले अंतर मोजावे. उघड्या माशीवर दोन-अडीच इंच आले तर माल चांगला समजावा. गोळ्या एकत्र पण डावीकडे पडल्या तर घाबरायचे कारण नाही, माशी सरकवून तो दोष जातो. पसरल्या तर प्रथम दस्त्याचे स्क्रू ढिले आहेत का ते पाहावे. तेही घट्ट असतील तर बहुधा नळीच संपलेली, आणि मग कितीही स्वस्त मिळाली तरी महागच.

आपल्या लेथवाल्या आणि फिटर बांधवांसाठी एक गोष्ट. ओळखीचा माणूस झिजलेली पिन किंवा नळीचे तोंड ‘जरा करून दे’ म्हणून घेऊन येतो. काम दहा मिनिटांचे असते. पण शस्त्र दुरुस्तीला वेगळा परवाना लागतो, आणि 2019 पासून त्याविना दुरुस्तीला किमान सात वर्षांची कैद आहे, ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. नळी आखूड करण्याचे काम तर कोणी कितीही पैसे देवो, घेऊच नये. अशा गिऱ्हाइकाला परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे पाठवावे आणि रायफल दुकानात रात्रभरही ठेवून घेऊ नये.