भिंतीची ओल, मुलांचा दमा

मृगाचा पाऊस स्थिरावला की मुंबई-कोकणातल्या अनेक घरांत भिंतीवर काळपट बुरशी धरते आणि दम्याची मुले रात्री खोकत उठून बसतात. या दोहोंचा संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेतही तो नोंदलेला आहे. बुरशीचे सूक्ष्म बीजाणू श्वासातून आत जातात, दमट गादीत धुळीतले बारीक किडेही पोसतात. मग मुळातच हळव्या असलेल्या श्वासनलिका सुजून आकसतात.

आपल्याकडे यावर ठरलेला उपाय म्हणजे दिवाळीला रंगाचा हात! पण पाणी झिरपतच राहिले तर बुरशी नव्या रंगातूनही डोके वर काढते. म्हणून आधी गच्चीची भेग, न्हाणीघरातला गळका नळ शोधावा. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे. मूल झोपते त्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नयेत. एका खोलीच्या बिऱ्हाडाने हे कसे जमवावे, हा प्रश्न खराच; तिथे निदान मुलाचे अंथरूण तरी ओल्या भिंतीपासून दूर घालावे. बुरशी कोरडी खरवडू नये, साबणाच्या पाण्याने पुसावी. तेवढा वेळ मुलाला शेजारी पाठवावे.

आणि डॉक्टरांनी दिलेला इन्हेलर ‘सवय लागेल’ या भीतीने परस्पर बंद करू नये. त्याची सवय लागत नाही.