ओमचा नियम

मुलांनो, विजेरीचे बटण दाबताच तिचा दिवा उजळतो. घटांतून निघालेला विद्युत्प्रवाह दिव्याच्या बारीक तारेतून जाऊन पुन्हा घटांकडे परततो. त्याच्या या अखंड वाटेला विद्युन्मंडल म्हणतात. या मंडलातून प्रवाह किती वाहील, हे कशावरून ठरते?

गच्चीवरील पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. टाकी जितकी उंच, तितका खालच्या नळाला जोर अधिक. पण नळी लांब व अरुंद असली, तर तेच पाणी मंदावते. विजेच्या बाबतीत उंचीचे काम विद्युद्दाब करतो, आणि नळीप्रमाणे तार प्रवाहाला विरोध करते. या विरोधास रोध म्हणतात. मात्र ही उपमा फार ताणू नये. नळी फुटली तर पाणी सांडते. तार तुटली तर वीज सांडत नाही, तिचा प्रवाहच थांबतो!

दाब व प्रवाह यांचे नेमके नाते शोधून काढले ते एका शाळामास्तराने. जॉर्ज सायमन ओम हा जर्मनीतील कोलोन येथे गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे. त्याचे वडील कुलपे करणारे कारागीर होते. १८२५ साली ओमने आपले पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. परंतु ते चुकीचे ठरले. त्याच्या घटाचा जोर प्रयोग चालू असतानाच कमी होत असे. मापच जर क्षणोक्षणी बदलू लागले, तर मोजणी खरी कशी व्हावी?

ओमने प्रयोग सोडला नाही. त्याने घट बाजूला ठेवून तांबे व बिस्मथ या दोन धातूंचे सांधे केले. एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला, की त्यांच्यामध्ये अल्प परंतु स्थिर असा विद्युद्दाब निर्माण होतो. मग सारख्याच जाडीच्या, पण निरनिराळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा त्याने एकामागून एक जोडल्या आणि टांगलेल्या चुंबकसूचीवरील परिणामावरून प्रवाह मोजला. आता आकडे जुळले.

त्यांतून निघालेला नियम असा : तारेचे उष्णतामान कायम असेल, तर तिच्यातील प्रवाह दाबाच्या प्रमाणात वाढतो. समजा, एका तारेचा रोध ३ ओम आहे. तिला १.५ व्होल्ट दाब दिला, तर प्रवाह ०.५ अँपिअर होईल. दाब ३ व्होल्ट केला, तर १ अँपिअर. तीच तार दुप्पट लांब घेतली, तर रोध ६ ओम होऊन प्रवाह निम्म्यावर येईल. म्हणजे दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो. उष्णतामानाची अट मात्र विसरू नका. विजेरीच्या दिव्याची तार तापून तिचा रोध वाढतो. म्हणून तेथे दाब दुप्पट केला, तरी प्रवाह दुप्पट होत नाही.

१८२७ साली ओमने या विषयावर ग्रंथ लिहिला. त्याच्या देशातील अनेक विद्वानांनी त्याची उपेक्षा केली, आणि निराश होऊन त्याने आपली जागा सोडली. पुढे १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले. म्युनिकच्या विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापकपद मिळाले, ते १८५२ साली. त्यानंतर दोनच वर्षांनी तो वारला. १८८१ साली पॅरिस येथे भरलेल्या विद्युत्परिषदेने रोधाच्या एककासाठी ‘ओम’ हे नाव मान्य केले.