यंत्र भेट देता येतं, पण…

मंगोलिया नकाशावर अवाढव्य, पण वस्ती जेमतेम पस्तीस लाखांची. म्हणून मी त्याला छोटाच देश म्हणतो. मे 2015 मध्ये भारताने उलानबातरच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्राला ‘भाभाट्रॉन’ हे किरणोपचाराचं यंत्र भेट दिलं. त्याची घडण आपल्या ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रातली, म्हणून मी या विषयाच्या मागे लागलो.

यंत्राच्या कौतुकात एक गोष्ट निसटते. त्यातल्या कोबाल्ट-60ची धग महिन्याला साधारण एका टक्क्याने उतरते, सव्वापाच वर्षांत निम्मी होते. आज दोन मिनिटांत मिळणारी किरणांची मात्रा तेव्हा चार मिनिटं घेते. हिशेब कमी पडला तर गाठ उरते. जास्त झाला तर निरोगी पेशी होरपळतात. तो सांभाळतो वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ, आणि तो खोक्यात घालून पाठवता येत नाही!

मंगोलियाने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मदतीने आपली माणसं परदेशी शिकायला धाडली. 2019 मध्ये तिथे पहिला रेषीय त्वरक आला. त्यात कोबाल्ट नाही. तरी रोज सकाळी, पहिला रुग्ण येण्याआधी, कुणीतरी किरण मोजून पाहावे लागतातच.